हिरडी सुजली की खापर रश्श्यावर

कोल्हापुरात माणसाला काहीही होऊ दे, पहिलं निदान उष्णता. डोळे लाल झाले, उष्णता. तोंड आलं, उष्णता. पोरगं परीक्षेच्या तोंडावर चिडचिड करतंय, तीपण उष्णताच. मग हिरडी सुजल्यावर दुसरं काय निघणार? लगेच चारजण सांगायला उभे, रस्सा बंद कर, गूळ खाऊ नको, रात्री सब्जा भिजत घाल, तुरटीच्या पाण्यानं गुळण्या कर. आणि माणूस खरंच आठवडाभर तांबड्या रश्श्याकडं न बघता काढतो, तिखट झोंबायचं थांबतं, हिरडीला जरा बरं वाटतं आणि निदान पक्कं होऊन बसतं, बघ, म्हटलं नव्हतं?

मला आज रश्श्याची वकिली करायची आहे. तिखट सुजलेल्या हिरडीला झोंबतं हे खरं, पण सूज ते आणत नाही. सूज येते ती दात आणि हिरडी जिथं भेटतात त्या कडेला साठलेल्या चिकट पांढुरक्या थरामुळं, दातवाले त्याला प्लाक म्हणतात. नखानं दाताच्या मुळाशी जरा खरवडून बघा, नखात मऊसर पिवळट काहीतरी येईल. आपल्याला वाटतं जेवणाचा कण असेल, पण ते बहुतेक सगळे जिवंत जंतू असतात, एकमेकांना आणि दाताला धरून बसलेले, म्हणून नुसत्या चूळ भरण्यानं ते जात नाहीत. ब्रश करून काही तास होतायत तोवर नवा थर धरायला लागतो. त्याच्याशी भांडायला शरीर तिथं जास्तीचं रक्त पाठवतं, पांढऱ्या पेशी पाठवतं, बारीक रक्तवाहिन्या फुगतात, त्यांच्यातनं पाणी झिरपतं आणि हिरडी फुगते. म्हणजे सूज हा शरीराचाच बंदोबस्त आहे, रोग कडेला बसलेला तो थर.

हे सगळं मला कळायचं कारण म्हणजे गेलं वर्षभर आमच्या घरात हिरड्यांचा सीझन चाललाय. आत्तीची मिसरी, दाजींची दाढ, मामेबहिणीचं बाळंतपण, आणि दातांचा दवाखाना माझ्या दुकानापासून चालत जायच्या अंतरावर असल्यानं राजारामपुरीत या सगळ्यांना घेऊन जाऊन बसायची ड्यूटी माझी. डॉक्टर बाई बोलक्या आहेत. मी विचारतोय म्हटल्यावर त्या सांगत गेल्या, काही मी नंतर वाचलं, आणि आता नातेवाईकांच्यात मीच अर्धा डॉक्टर झालोय, जे खरं तर धोकादायक आहे.

बाईंनी सगळ्यात आधी आरसा हातात दिला. दोन दातांच्या मधे हिरडीचा जो छोटा त्रिकोण असतो ना, तो बघायचा. चांगल्या हिरडीत तो टोकदार असतो, दाताला घट्ट चिकटलेला, आणि जवळनं बघितलं तर त्याच्यावर बऱ्याचदा संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे दिसतात. सुजलेल्या हिरडीत ते टोक बोथट होतं, कड गोल आणि जाड होते, खळगे जातात आणि वर एक चकाकी येते. पुस्तकात चांगली हिरडी गुलाबी असते असं लिहिलेलं असतं, पण आपल्याकडं कित्येकांच्या हिरड्या मुळातच तपकिरी-काळसर असतात आणि त्या पूर्ण निरोगी असतात, त्यामुळं रंगावर जाऊ नका, कड आणि चकाकी बघा. मोबाईलचा टॉर्च लावून, ओठ बाजूला ओढून, खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूनं बघा. लाळेच्या ग्रंथी तिथं जवळ उघडतात, त्यामुळं लाळेतलं कॅल्शियम त्या थरात जमून तो दगडासारखा टणक होतो आणि एकदा टणक झाला की जगातला कुठलाच ब्रश त्याला काढू शकत नाही. आपण त्याला कीट म्हणतो, कोण टार्टर म्हणतं.

आता मुख्य भानगड. ब्रश करताना रक्त आलं की माणूस काय करतो? त्या जागी ब्रश लावायचा बंद करतो. आमच्या घरात एकानं नाही, सगळ्यांनी हेच केलेलं. दाजी तर उजवीकडच्या दाढा सोडून बाकीचे दात घासायचे, आणि हे त्यांनी सांगितलं ते अशा थाटात की बघा मी किती काळजी घेतो. ज्या जागेला ब्रशची सगळ्यात जास्त गरज आहे तीच जागा सोडायची, मग तिथला थर वाढणार, सूज वाढणार, अजून रक्त येणार आणि अजून लांबनं ब्रश फिरवायचा. दुखत असतं तर माणूस दवाखान्यात तरी गेला असता. हिरडीचा आजार बहुतेक वेळा दुखतच नाही, आणि खरी अडचण तिथंच आहे. दात किडला की रात्रीची झोप उडवतो, हिरडी बिचारी फक्त ब्रशवर लाल डाग ठेवते आणि तो आपण नळाखाली धुवून टाकतो.

रक्त येतंय तिथंच हलक्या हातानं नीट घासलं तर काय होतं, हे माणसांवर करून बघितलेलं आहे. १९६५ साली हाराल्ड लो नावाच्या नॉर्वेच्या दंतवैद्यानं डेन्मार्कमध्ये आर्हूसला एक प्रयोग छापला, हिरड्या चांगल्या असलेल्या १२ जणांना, त्यातले बहुतेक दातांच्या कॉलेजचे विद्यार्थीच, सांगितलं की दात घासायचे पूर्ण बंद करा. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. एकही सुटला नाही. मग परत घासायला लावले आणि साधारण आठवड्यात हिरड्या पहिल्यासारख्या. ना गोळी, ना सब्जा. म्हणून आज माझं सगळ्यांना हेच सांगणं असतं की आधी नीट घासून बघा, चार दिवस रक्त जास्तच आल्यासारखं वाटेल, घाबरू नका, आठवड्या-दोन आठवड्यांत कमी व्हायला लागेल. नाहीच झालं तर कीट तरी बसलंय किंवा भानगड दुसरी आहे, मग दवाखाना.

यावर आमच्याकडं ठरलेलं उत्तर असतं. आमच्या आज्जानं आयुष्यात ब्रश धरला नाही, राखुंडीनं दात घासले, ऊस सोलून खायचा, ऐंशीव्या वर्षी बत्तीशी शाबूत. खरं आहे, असे आज्जे होते. पण त्याच लो साहेबांनी १९७० पासून श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यातल्या ४८० कामगारांचे दात १५ वर्षं तपासले, ज्यांच्याकडं ब्रशही नव्हता आणि डॉक्टरही नव्हता. हिरड्या सगळ्यांच्याच सुजलेल्या. पण ११ टक्के लोकांचं प्रकरण हिरडीच्या सुजेच्या पुढं गेलंच नाही, ८१ टक्क्यांचं हाड हळूहळू झिजत गेलं आणि ८ टक्क्यांचं झपाट्यानं. तुमचा आज्जा त्या ११ मधला. तुम्ही कशात आहात ते आधी कुणालाच कळत नाही. आणि तुमच्या आज्जीचे दात कधी पडले हे कुणी सांगत नाही बघा.

सुजेच्या पुढं जाणं म्हणजे काय, तर नुसती हिरडी सुजलीय तोवर सगळं परत येतं. पण थर हिरडीच्या खाली उतरला की दाताला धरून ठेवणारं हाड विरघळायला लागतं, आणि ते गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. दाताच्या आणि हिरडीच्या मधे खिसा पडतो. डॉक्टर एक बारीक, खुणा केलेली सळई त्यात हळूच घालून मोजतात, ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, ४ च्या पुढं काळजी. दाजींच्या उजव्या दाढेपाशी ६ निघाले. बाई आकडे मोठ्यानं सांगत होत्या आणि असिस्टंट लिहीत होती, तीन, दोन, तीन, पाच, सहा, आणि दाजी तोंड उघडं ठेवून माझ्याकडं असं बघत होते की जणू बिल वाढतंय.

दाजींची गोष्ट जरा सविस्तर सांगायला पाहिजे. करवीर तालुक्यातला गडी, ऊस, दोन म्हशी, आणि रविवारी मटण नसेल तर सोमवार उगवत नाही. सुक्क्या मटणाचा धागा मागच्या दोन दाढांच्या मधे अडकणं हे आमच्याकडं इतकं नेहमीचं आहे की जेवण झाल्यावर पंगतीतली निम्मी माणसं तोंडापुढं हात धरून काडी फिरवत असतात. दाजी काडेपेटीतली काडी चिरून वापरायचे, आत्तीच्या बांगडीला सेफ्टी पिन कायम अडकवलेली, साडीला लागेल तेव्हा साडीला आणि नाहीतर दाताला. पिननं धागा निघतो पण हिरडीला टोचा बसतो, आणि अर्धा तुकडा आत राहिला तर तिथंच पू धरतो. दाजींचं तसंच काहीसं झालं. दाढेपाशी गोळा आला, मेडिकलमधनं कुणीतरी अँटिबायोटिक दिलं, तीन गोळ्यांत उतरलं, राहिलेल्या गोळ्या दाजींनी कपाटात ठेवल्या, पुढच्या वेळेला लागतील म्हणून. आणि पुढची वेळ आलीच. मग अजून एक. गोळीनं पू उतरतो, खिशात बसलेलं कीट जागचं हलत नाही, त्यामुळं हे चक्र संपत नाही, आणि साध्या हिरडीच्या सुजेला तर अँटिबायोटिकचं काही कामच नसतं.

बाईंनी दाढ बघितली आणि पहिला प्रश्न दाताबद्दल विचारलाच नाही. "दाजी, शुगर कधी चेक केलीय?" (सगळा दवाखाना त्यांना दाजीच म्हणायला लागलाय.) दाजी म्हणाले मला कसली शुगर, मी रानात राबतो. बाई म्हणाल्या हिरडीत परत परत पू होतोय म्हणजे रक्त तपासल्याशिवाय मी पुढं जात नाही. एचबीएवनसी केलं, गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी टेस्ट, आणि ती चांगलीच वाढलेली निघाली. मधुमेहात जंतूंशी लढायची ताकद कमी पडते, जखम उशिरा भरते, म्हणून हिरड्या जास्त बिघडतात, आणि गंमत अशी की उलटंही खरं आहे, हिरडीतली सूज कायम राहिली तर साखर आटोक्यात यायला त्रास होतो. हिरड्यांचे उपचार नीट केले तर एचबीएवनसी सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरतं असं अभ्यासांतनं निघालंय. एखादी जादाची गोळी सुरू केल्यावर पडावा एवढा तो फरक आहे. दाजींची शुगर दाढेनं पकडली, त्यामुळं आता ते दाढेबद्दल जरा आदरानं बोलतात.

आत्तीचं मात्र अवघड. निपाणी आमच्यापासून लांब नाही आणि तिथला तंबाखू आमच्याकडच्या कित्येक बायकांच्या बोटाला लहानपणापासून लागलेला आहे. तव्यावर काळा होईस्तोवर भाजायचा, कुटायचा, डबीत भरायचा, आणि सकाळी मोरीपाशी बसून डाव्या हाताच्या तळव्यावर घेऊन उजव्या बोटानं हिरडीवर चोळायचा. दात घासणं हे निमित्त. पंधरा मिनिटं ते बोट फिरत असतं, शेजारणीशी बोलत बोलत, आणि तो तिचा दिवसातला एकटीचा वेळ असतो हे मलाही दिसतंय. दुपारी परत, झोपायच्या आधी परत. "मिसरीनं दात घट्ट राहत्यात, मी पोरगी हुतो तवापासनं लावतो," हे तिचं म्हणणं. डॉक्टर बाईंनी तिला खालचा ओठ ओढून आरशात दाखवलं, बोट नेमकं जिथं फिरतं तिथली हिरडी खाली सरकलीय, दाताचं मूळ उघडं पडलंय, आणि आत ओठाला एक पांढुरका चट्टा. तो चट्टा पुसून जात नाही. पुढं कॅन्सर व्हायची शक्यता असते म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं, वाटलं तर तुकडा काढून तपासायचा. आत्तीनं सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन म्हणाली, बाई चांगली हाय पण लई भ्या दावती. सकाळची मिसरी तेवढी राहिलीय, बाकीची सुटली असं ती सांगते. विडी-सिगारेटवाल्यांची तर वेगळीच फसगत, धुरामुळं हिरडीतला रक्तपुरवठा दबतो म्हणून रक्त फारसं येतच नाही आणि आत हाड जात असतं तरी माणूस म्हणतो माझ्या हिरड्या एक नंबर.

मामेबहिणीला चौथ्या महिन्यात हिरड्या सुजल्या तेव्हा घरात दोन पक्ष पडले. एक म्हणाला गरोदरपणात दाताला हात लावायचा नाही, आणि दुसरा म्हणजे मी एकटाच. हार्मोन वाढल्यामुळं त्या काळात थोडासा थरसुद्धा हिरडीला सहन होत नाही, साधारण दुसऱ्या महिन्यापासनं आठव्यापर्यंत सूज दिसते, एखादीला लालभडक बोंडासारखी गाठ येते, ती बहुतेक वेळा बाळंतपणानंतर बसते. स्केलिंग, म्हणजे मशीननं कीट काढणं, त्या काळात करता येतं, मधले तीन महिने त्यातल्या त्यात सोयीचे. तिनं केलं, आणि काही झालं नाही.

स्केलिंगवरनं आठवलं, आमच्याकडं ठाम समज आहे की मशीननं दात साफ केले की हालायला लागतात. मशीन काय करतं तर बारीक कंपनानं आणि पाण्याच्या फवाऱ्यानं कीट सोडवतं. पण वर्षानुवर्षं दातांच्या फटीत कीट बसलेलं असतं, ते निघालं की फट उघडी पडते, सूज उतरल्यावर हिरडी आणखी मागं सरते, जीभ सारखी तिथं जाते, गार पाणी चार दिवस ठणकतं. आधीच सैल असलेल्या दाताला कीट धरून ठेवत असेल तर तोही हलताना जाणवतो. हाड मात्र आधीच गेलेलं असतं, नाव मशीनवर येतं.

घासायचं कसं हे कुणीच शिकवलेलं नसतं. मऊ ब्रश घ्यायचा, कडक नाही. ब्रशचे केस दात आणि हिरडीच्या सांध्यावर ४५ अंशात तिरके टेकवायचे, निम्मे दातावर निम्मे हिरडीच्या कडेवर, आणि जागच्या जागी थोडं थरथरवायचं, मग दोन दात पुढं सरकायचं. अमेरिकेतल्या चार्ल्स बास नावाच्या डॉक्टरांची ही पद्धत. आडवा खसाखसा ब्रश मारला की हिरडी सरकते आणि सांधा तसाच राहतो. पण दोन दातांच्या मधे कुठलाच ब्रश जात नाही, तिथं दातांसाठी मिळणारा दोरा (फ्लॉस) नाहीतर बाटली धुवायच्या ब्रशचं अगदी चिमुकलं रूप मिळतं ते. मटणवाल्या घरात हे पाहिजेच, काडी आणि पिन दोन्ही रिटायर करायची.

घरगुती इलाजांवर माझा राग नाही. कोमट पाण्याच्या ग्लासात अर्धा चमचा मीठ टाकून गुळण्या केल्या तर बरं वाटतं, करा. तुरटीनं हिरडी आवळल्यासारखी वाटते, थर मात्र तिथंच. लवंगेचं तेल नुसतं थेट हिरडीवर ओतू नका, भाजतं, आणि ॲस्पिरिनची गोळी दाढेपाशी दाबून ठेवायचा जो प्रकार आहे त्यानं तर पांढरी जखमच होते. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश, आपल्याकडं ०.२ टक्क्यांचं मिळतं, थर धरू देत नाही हे खरं, पण ते डॉक्टरनी सांगितलं तेवढेच दिवस, जास्त चालवलं की दातावर तपकिरी डाग पडतात आणि तोंडाची चव जाते, कोल्हापुरी माणसाला हे परवडणारं नाही. पेस्टनं घासल्या घासल्या लगेच घेतलं तर पेस्टमधल्या फेसाच्या पदार्थामुळं त्याचा जोर जातो, अर्धा तास जाऊ द्या. आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या सर्जननं स्कर्व्हीनं, म्हणजे व्हिटॅमिन सी कमी पडून होणाऱ्या रोगानं, हिरड्या सुजलेले खलाशी घेतले, योगायोगानं लो साहेबांसारखेच १२, आणि ज्या दोघांना संत्री-लिंबं दिली ते झपाट्यानं सुधारले. पण तुम्ही रोज मिसळीवर लिंबू पिळताय, पेरू खाताय, तुम्हाला स्कर्व्ही कुठला? कीट असताना सीची गोळी चघळून काही होत नाही.

काही सुजांना मात्र थर एकटा जबाबदार नसतो. बीपीसाठी ॲम्लोडिपिन, फिट येते म्हणून फेनिटॉइन, किडनी बदलल्यावर सायक्लोस्पोरिन, या औषधांनी काहीजणांची हिरडी जाड होऊन दातावर चढते. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, लिहून देणाऱ्या डॉक्टरला दाखवायचं, ते बदलून देऊ शकतात. कॉलेजच्या पोरांची अक्कलदाढ अर्धी वर आली की तिच्यावरच्या कातडीखाली अन्न अडकून सूज येते, तोंड उघडत नाही. आणि हिरड्या फुगल्यात, सोबत माणूस पांढराफटक पडलाय, ताप येतोय, अंगावर काळेनिळे डाग उठतायत, तर दातांच्या डॉक्टरची वाट न बघता रक्त तपासायचं, क्वचित रक्ताच्या कॅन्सरची सुरुवात अशी दिसते. गालाची सूज डोळ्याकडं किंवा जबड्याखाली गळ्याकडं सरकायला लागली, गिळता येईना, श्वासाला त्रास व्हायला लागला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळपर्यंत थांबायचं नाही, थेट मोठ्या दवाखान्यात.

दाजींचं पुढच्या महिन्यात परत मोजमाप आहे. मधे एकदा मोजलं तेव्हा ६ चा खिसा ५ वर आलेला, ४ पर्यंत उतरला तर नुसत्या साफसफाईवर भागेल, परत वाढला तर हिरडी उघडून आतनं साफ करावी लागेल असं बाई म्हणाल्यात. दाजींनी हे सगळं शांतपणे ऐकलं, शर्टाच्या खिशातल्या त्या चिमुकल्या ब्रशवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "ऑपरेशन झालंच तर त्यानंतर मटण किती दिवसांनी, तेवढं आत्ताच विचारून ठेव."